एका नावाचे दोन धनी : ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकाचे पुनर्वाचन

अमेरिकन चित्रकथांच्या इतिहासाविषयी लिहिणाऱ्या कोणाही अभ्यासकास ‘द फ्लॅश’ या नियतकालिकाच्या १२३व्या अंकाचा उल्लेख टाळता येत नाही. अंकावर महिना सप्टेंबर १९६१ चा आहे व किंमत दहा सेंट. कथा गार्डनर फॉक्स यांची, रेखाटन कार्माइन इन्फँटिनो यांचे, त्यावर शाई फिरविणारे जो जिएला, आणि संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ. कथेचे नाव ‘फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्‌स’. या कथेत फ्लॅश हेच नाव धारण करणारे दोन अतिमानवी नायक प्रथमच एकमेकांस भेटतात व एकत्र येऊन तीन दुर्जनांचा बंदोबस्त करतात. एका पृथ्वीच्या जागी अनेक पृथ्वी मानण्याची जी रूढी पुढे या वाङ्‌मयप्रकारात बोकाळली तिचा उगम येथे आहे, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि या अंकाचे सारे महत्त्व याच एका गोष्टीत आहे असे मानण्यात येते.

हे मत मला अपुरे वाटते. एक तर, प्रतिपृथ्वीची कल्पना त्याच प्रकाशनसंस्थेच्या ‘वंडर वुमन’च्या ५९व्या अंकात १९५३ सालीच येऊन गेली होती. तीत नायिकेला दुसऱ्या पृथ्वीवर आपल्यासारखीच एक स्त्री भेटते. परंतु त्या कथेतून पुढे काहीच निष्पन्न झाले नाही. तेव्हा नुसत्या कल्पनेच्या नवेपणाने १९६१ च्या अंकाचे यश उलगडत नाही. दुसरे असे की, विश्वरचनेचा जो भाग या अंकात आहे तो दोन-तीन संवादांच्या फुग्यांत उरकलेला आहे : दोन पृथ्वी एकाच अवकाशात आहेत, पण त्यांच्या कंपनांची गती भिन्न असल्यामुळे त्या एकमेकींस दिसत नाहीत. ह्यू एव्हरेट यांचा पुंजभौतिकीवरील १९५७ चा निबंध या संदर्भात आठवण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. फॉक्स यांची उपमा भौतिकशास्त्राची नसून आकाशवाणीच्या यंत्राची आहे. काटा फिरवला की दुसरे केंद्र लागते, इतकेच.

या अंकाचा खरा विषय विश्वरचना नसून नाम हा आहे, असे माझे प्रतिपादन आहे. एका विशेषनामाचे दोन धनी निर्माण झाले असता काय करावे, हा प्रश्न येथे उभा केला आहे, आणि त्याला जे उत्तर दिले आहे ते पुढील पिढ्यांनी दिलेल्या उत्तरांहून अधिक उदार आहे.

प्रश्न कसा निर्माण झाला ते आधी पाहावे लागते. पहिला फ्लॅश जानेवारी १९४० च्या ‘फ्लॅश कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. त्याचे लेखक हेच गार्डनर फॉक्स, चित्रकार हॅरी लॅम्पर्ट. जे गॅरिक हे त्याचे खरे नाव, आणि डोक्यावर मर्क्युरी या रोमन देवतेप्रमाणे पंख असलेले शिरस्त्राण. महायुद्धानंतर अतिमानवी नायकांची लोकप्रियता ओसरली व फेब्रुवारी १९४९ च्या १०४व्या अंकानंतर हे नियतकालिक बंद पडले. सात वर्षांनी, ऑक्टोबर १९५६ च्या ‘शोकेस’ नियतकालिकाच्या चौथ्या अंकात, श्वार्ट्झ यांच्या संपादनाखाली नवा फ्लॅश अवतरला. हा बॅरी ॲलन. पोषाख निराळा, व्यवसाय निराळा, शक्ती मात्र तीच. या पहिल्याच कथेत बॅरी जुन्या ‘फ्लॅश कॉमिक्स’चा एक अंक वाचताना दाखविला आहे, आणि अंगी शक्ती आल्यावर तो नाव घेतो ते त्या कथेतील नायकाचे. म्हणजे नव्या फ्लॅशच्या लेखी जुना फ्लॅश हे एक काल्पनिक पात्र होते. येथवर सारे सुसंगत आहे. परंतु १९५९ साली नव्या फ्लॅशला स्वतंत्र नियतकालिक मिळाले तेव्हा त्याचा आरंभ पहिल्या अंकापासून केला नाही. १०४ च्या पुढचा आकडा १०५, तोच त्यावर छापला गेला. अशा रीतीने प्रकाशकाच्या खतावणीत फ्लॅश एकच राहिला, आणि कथेत एक खरा व एक काल्पनिक असे दोन झाले.

फ्रेगे यांच्या १८९२ च्या निबंधातील शुक्राचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पहाटेचा तारा व संध्याकाळचा तारा ही दोन नामे, आणि त्यांचा वाच्य पदार्थ एक. येथे नेमके उलटे आहे. नाम एक आणि वाच्य दोन. आपल्याकडील वैयाकरणांनी या प्रश्नाचा निराळ्या निमित्ताने खल केला आहे. अर्थ भिन्न झाला की शब्दही भिन्न मानावा, की शब्द एकच राहून त्याचे अर्थ अनेक होतात असे म्हणावे, या दोन्ही पक्षांची दखल भर्तृहरीने घेतली आहे. एकास एकत्वपक्ष म्हणू, दुसऱ्यास नानात्वपक्ष. ‘फ्लॅश’ हा एक शब्द आहे की दोन? १९६१ च्या अंकाचा कौल एकत्वपक्षाकडे आहे, हे त्याच्या शीर्षकावरूनच दिसते. शीर्षकातील नाम एकवचनी आहे. जगे दोन, पण फ्लॅश एक. इंग्रजीतील ‘ऑफ’ हे शब्दयोगी अव्यय येथे सोयीचे पडले आहे; कारण दोन्ही जगांवर ज्याचा हक्क आहे असा, आणि प्रत्येक जगातला एकेक, हे दोन्ही अर्थ त्यात मावतात. मराठी करू जाणाऱ्यास ही सोय नाही. ‘दोन जगांचा फ्लॅश’ म्हटले तर एकत्व स्पष्ट होते, ‘दोन जगांतले फ्लॅश’ म्हटले तर नानात्व. माझ्या मते पहिला पर्यायच कथेशी इमान राखणारा आहे.

आता कथेकडे वळू. अनाथ मुलांसाठी एक करमणुकीचा कार्यक्रम योजलेला आहे. ठरलेला जादूगार येत नाही, म्हणून फ्लॅश स्वतः खेळ करून दाखवितो. शेवटी तो ‘भारतीय दोरखंडाचा खेळ’ करावयास घेतो. दोर ताठ उभा राहतो, तो त्यावर चढतो, आणि शरीराला अतिवेगाने कंप देऊन दिसेनासा होतो. मुलांच्या दृष्टीने तो अदृश्य होतो. वस्तुतः तो दुसऱ्या पृथ्वीवर जाऊन पडतो.

या खेळापाशी थोडे थांबणे गैर होणार नाही. पाश्चात्त्य जगात दोरखंडाच्या खेळाला जी कीर्ती लाभली ती बव्हंशी शिकागोच्या एका वृत्तपत्राने १८९० साली छापलेल्या कपोलकल्पित वृत्तांतामुळे, हे पीटर लॅमाँट यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. तथापि ही प्रतिमा आपल्या वाङ्‌मयाला अपरिचित नाही. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात ढालतरवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणारा मायावी दृष्टान्तादाखल आला आहे. तेथे मुद्दा असा की चढताना दिसतो तो खरा नव्हे. खरा मायावी भूमीवरच उभा आहे. फॉक्स यांना हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. त्यांच्या पिढीच्या अमेरिकन लोकप्रिय लेखकांना भारत म्हणजे चमत्कारांची वखार, एवढीच माहिती. (याच कथेतील फिडलर नावाच्या दुर्जनाने आपले मोहिनीसंगीत एका भारतीय फकिराकडून शिकून घेतले, असे त्याच्या पूर्वकथेत सांगितले आहे!) परंतु परिणाम लक्षणीय आहे. दृष्टान्तातील मायावी वर जातो तो भास ठरतो; फॉक्स यांचा फ्लॅश वर जातो, आणि जिला तो आजवर भास समजत होता तीच भूमी त्याच्या पायाखाली येते.

त्या भूमीवरील शहराचे नाव कीस्टोन सिटी. बालपणी वाचलेल्या गोष्टींतील हे गाव आहे हे बॅरीला आठवते, आणि मग तो जे करतो ते मला सबंध अंकातील सर्वांत सुंदर कृत्य वाटते. तो दूरध्वनीच्या सूचिपुस्तकात जे गॅरिक हे नाव शोधतो. दूरध्वनीचे सूचिपुस्तक म्हणजे विशेषनामांचा कोश. त्यात वर्णन नसते, गुणदोष नसतात. नाम आणि ठिकाणा एवढेच. ज्या नामाला बॅरीच्या लेखी आजवर नुसते वर्णन होते व ठिकाणा नव्हता, त्या नामाला येथे ठिकाणा मिळतो. तो जाऊन दाराची घंटा वाजवितो.

जे गॅरिक आता निवृत्त आहे, विवाहित आहे. इन्फँटिनो यांनी त्याच्या कानशिलांवरचे केस पिकलेले दाखविले आहेत. अनोळखी तरुण आपले गुपित जाणतो हे पाहून तो चकित होतो. आपली ओळख पटविण्यासाठी बॅरी त्यालाच त्याचे चरित्र सांगू लागतो : प्रयोगशाळेतील अपघात, अंगी आलेली गती, पुढील पराक्रम. नायकाची कथा नायकालाच वाचकाने ऐकवावी, असा हा प्रसंग आहे. तो लांबविलेला नाही, भावविवश केलेला नाही. मुष्टियुद्ध नाही, गैरसमज नाही. पुढे अतिमानवी नायकांच्या भेटीच्या कथांत आधी आपसांत मारामारी व मग मैत्री, असा जो ठराविक साचा रूढ झाला, त्याचा येथे मागमूस नाही.

या संभाषणातच बॅरी खुलासा करतो तो असा : आमच्या जगात तुम्ही गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाने लिहिलेल्या गोष्टींचे नायक आहात. या गोष्टी आपल्याला स्वप्नात सुचतात असे तो म्हणत असे. झोपेत त्याचे मन तुमच्या पृथ्वीच्या कंपनांशी जुळत असले पाहिजे.

वरवर पाहता ही लेखकाने स्वतःशीच केलेली थट्टा आहे. परंतु नामार्थाच्या दृष्टीने तिचे कार्य फार मोठे आहे. सॉल क्रिप्के यांनी नाम व अनिवार्यता या विषयावरील १९७० च्या व्याख्यानांत जे विवेचन केले त्याच्या छापील रूपात काल्पनिक नामांसंबंधी एक कठोर निर्णय आहे. शेरलॉक होम्सची सारी लक्षणे जुळणारा मनुष्य उद्या सापडला तरी तो होम्स ठरत नाही. कारण नामाचा वाच्याशी संबंध लक्षणांच्या जुळणीने सिद्ध होत नाही, ते नाम त्या मनुष्यापासून निघून परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचलेले असावे लागते. हा निकष लावला तर बॅरीला भेटलेला गृहस्थ, सर्व लक्षणे जुळत असूनही, गोष्टीतला जे गॅरिक ठरणार नाही. तो केवळ त्याच्यासारखा एक ठरेल. फॉक्स यांचे स्वप्न नेमकी हीच उणीव भरून काढते. जे गॅरिककडून स्वप्नावाटे फॉक्सकडे, फॉक्सकडून छापील अंकात, अंकातून बालवाचक बॅरीकडे, अशी अखंड साखळी त्यामुळे तयार होते. भेटलेला गृहस्थ गोष्टीतल्यासारखा नाही, गोष्टीतलाच आहे. हे व्याख्यान होण्याआधी नऊ वर्षे एका दहा सेंटांच्या पुस्तिकेने ही अट पुरी करावी, याची मौज वाटते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या फॉक्स यांना मालकी सिद्ध करावयाची तर हस्तांतरणाची साखळी दाखवावी लागते, हे ठाऊक असणारच.

या खुलाशात आणखी एक वाक्य आहे आणि त्याकडे टीकाकारांचे हवे तितके लक्ष गेलेले नाही. ते नियतकालिक १९४९ साली बंद पडले, असे बॅरी सांगतो. त्यावर जे उत्तरतो की मीही त्याच वर्षी निवृत्त झालो. नियतकालिक खपेना म्हणून बंद झाले, ही व्यापारी घटना. तिचे रूपांतर येथे एका माणसाच्या चरित्रातील घटनेत झाले आहे. वाचकांनी टाकून दिलेला नायक असे न म्हणता, स्वेच्छेने विश्रांती घेतलेला गृहस्थ असे म्हणण्याची मुभा कथेने जे गॅरिकला दिली आहे. आधी काय झाले, अंक बंद पडला म्हणून तो थांबला की तो थांबला म्हणून अंक बंद पडला, हे कथा सांगत नाही, आणि न सांगण्यातच तिचे शहाणपण आहे.

उत्तरार्धाविषयी फारसे लिहावयास नको. थिंकर, शेड आणि फिडलर हे जे गॅरिकचे जुने वैरी शहरात चोऱ्या करीत आहेत. त्यांच्या पारिपत्यासाठी जे निवृत्ती सोडतो. दोघे प्रथम निरनिराळे लढून हरतात, मग एकत्र लढून जिंकतात. फिडलरच्या वादनाने दोघेही काही काळ त्याचे गुलाम होतात व नंतर कान बंद करून सुटतात. युलिसिसच्या खलाशांची युक्ती ती हीच. ही सारी यांत्रिक कारागिरी आहे. दोन नायक एकाच शक्तीचे असल्यामुळे एकाने करावयाचे तेच दुसरा करतो; श्रमविभागणीतून जी गंमत यावयाची ती येत नाही. इन्फँटिनो यांची धावण्याची चित्रे मात्र या भागातही डोळ्यांस सुखवितात. आडव्या, लांबट चौकटी, सपाट क्षितिज आणि त्यावर वेगाच्या नुसत्या रेषा.

मुखपृष्ठाने ही उणीव आगाऊ भरून काढली आहे असे म्हणावयास हरकत नाही. मधोमध एक भिंत. तिच्या दोन्ही अंगांनी दोन फ्लॅश आपल्याकडे धावत येत आहेत, आणि कोसळत्या तुळईखाली सापडणाऱ्या एका मनुष्यास वाचविण्याची दोघांचीही धडपड आहे. दोघांस एकमेकांचा पत्ता नाही. ‘फ्लॅश’ अशी हाक आली तर ओ कोणी द्यावयाची, हा प्रश्न एका चित्रात मांडला आहे, आणि उत्तरही त्यातच आहे : ज्याला ज्याला ती ऐकू येईल त्याने.

महाराष्ट्रातील वाचकास एका नावाचे दोन धनी ही अडचण नवी नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत आहे. मग सासऱ्यांचे नाव उच्चारून मुलाला रागे कसे भरावे, या पेचातून सुटण्यासाठी सूनबाई त्याला बाळ, नाना, अण्णा असे काहीतरी म्हणू लागते. नाव ज्येष्ठाचेच राहते, व्यवहारापुरते धाकट्याला दुसरे मिळते. कथेतील दोघेही हाच मार्ग पत्करतात. एकमेकांस ते जे व बॅरी म्हणतात आणि ‘फ्लॅश’ हे नाव दोघांमध्ये सामाईक ठेवतात. इंग्रजीत मध्यमपुरुषाचे सर्वनाम एकच असल्यामुळे या नात्यातील पायरी मात्र झाकलेली राहते. मराठीत जे हा बॅरीला ‘तू’ म्हणेल, पण बॅरी त्याला ‘तुम्ही’ म्हणेल की बालपणीच्या दैवताला म्हणतात तसे ‘तू’? मघाशी मी ‘तुम्ही’ योजले; तरी दोन्ही पक्षी बोलता येईल.

तुलनेसाठी ली फॉक यांचा १९३६ पासूनचा फँटम घ्यावा. तो आपल्याकडे ‘वेताळ’ या नावाने पोहोचला. तेथेही एक नाम अनेकांचे आहे, पण क्रमाने. बाप गेल्यावर मुलगा वेताळ होतो, आणि आधीचा होता हे जगाला कळूच नये अशी व्यवस्था असते. नाम टिकते ते धारकाला गिळून. १९६१ चा फ्लॅश धारकाला गिळत नाही. धाकटा नाव वापरीत असता वडील जिवंत असतात, आणि पुन्हा शिरस्त्राण चढवून बाहेर पडू शकतात.

पुढील इतिहास हा नानात्वपक्षाचा विजय आहे. प्रस्तुत अंकात दोन पृथ्वींना क्रमांक नाहीत. ऑगस्ट व सप्टेंबर १९६३ च्या ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या २१व्या व २२व्या अंकांत, जेथे दोन पिढ्यांचे नायकसंघच एकत्र येतात, तेथे ‘पृथ्वी-एक’ आणि ‘पृथ्वी-दोन’ या संज्ञा शीर्षकांत झळकतात. त्या वेळी नव्यांच्या पृथ्वीला एक हा आकडा मिळाला व १९४० च्या ज्येष्ठांच्या पृथ्वीला दोन. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा आकडा संख्यावाचक नसून वक्तृसापेक्ष आहे. जेथून बोलणारा बोलतो ते ‘एक’, तेथून दूर ते ‘दोन’. ‘येथे’ आणि ‘तेथे’ यांनाच अंकांचा पोषाख घातलेला आहे. या क्रमाने काळाच्या दृष्टीने ज्येष्ठ असलेले जग कायमचे दुय्यम झाले, आणि त्यानंतर त्यातील कोणाचेही नाव पृथ्वीच्या क्रमांकाशिवाय घेणे अवघड झाले. फ्लॅशचे दोन शब्द झाले.

तेथून १९८५–८६ मधील ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’ या बारा अंकी मालिकेपर्यंतचा रस्ता सरळ आहे. पृथ्वी फार झाल्या, वाचक गोंधळतात, या सबबीवर मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांनी त्यांची एक पृथ्वी केली. बॅरी तीत मरण पावला. ग्रँट मॉरिसन यांनी १९९० साली ‘सीक्रेट ओरिजिन्स’च्या ५०व्या अंकात दोन फ्लॅशच्या भेटीची हीच कथा एका पृथ्वीवर बसवून पुन्हा सांगितली. गोंधळाची सबब मला कधीच पटलेली नाही. जी मुले १९६१ साली हा अंक वाचीत होती त्यांना, एका नावाच्या दोन माणसांपैकी कोण बोलतो आहे, हे शिरस्त्राण पाहून कळत होते. संदर्भाने अर्थनिश्चिती होते हे व्याकरणशास्त्राला जितके मान्य आहे तितकेच ते दहा वर्षांच्या वाचकालाही मान्य असते. अडचण वाचकांची नव्हती, ती हिशेब ठेवणाऱ्यांची होती.

दूरचित्रवाणीवरील ‘द फ्लॅश’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, ऑक्टोबर २०१५ मध्ये, या कथेचेच शीर्षक एका भागास दिले गेले. दुसऱ्या पृथ्वीवरून आलेला एक गृहस्थ आपण जे गॅरिक आहोत असे सांगतो. बऱ्याच भागांनंतर कळते की तो तोतया आहे व ते नाव त्याने चोरलेले आहे. खरा जे गॅरिक नंतर प्रकटतो तो जॉन वेस्ली शिप या नटाच्या रूपाने, आणि याच नटाने १९९० च्या मालिकेत बॅरीची भूमिका केली होती. नटाची ही निवड रसिकतेची आहे. पण नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये हे जे सूत्र त्या पर्वाने धरले आहे ते मूळ कथेच्या नेमके विरुद्ध आहे. तेथे दारात उभा असलेला परका तरुण घरच्या धन्याचे नाव घेतो, त्याची कथा सांगतो, आणि त्याला आत घेतले जाते.

अंकाच्या अखेरीस बॅरी आपल्या पृथ्वीवर परततो. घडलेले सारे गार्डनर फॉक्स यांना जाऊन सांगावे, म्हणजे ते त्याची चित्रकथा लिहितील, असा त्याचा विचार आहे. पहिल्या खेपेस जे गॅरिकची हकीकत फॉक्सकडे स्वप्नातून, नकळत आली होती. या खेपेस तिचाच एक वाचक ती पायी नेऊन पोहोचविणार आहे.